साग आपल्या जिल्ह्याचा, दरवाजा बाहेरचा. मग गावचा सुतार अडला कुठे?

चंद्रपूर : मार्च २०२३ मध्ये बल्लारपूर-चंद्रपुरात सागवानाची वाजतगाजत मिरवणूक निघाली होती. अयोध्येच्या राम मंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं लाकूड वन विकास महामंडळाच्या बल्लारपूर डेपोतून रवाना झालं. जिल्ह्याला अभिमान वाटला, आणि तो वाटायलाच हवा होता. पुढे त्या लाकडाचे दरवाजे घडवायचं काम हैदराबादच्या एका कंपनीकडे गेलं आणि त्यावर हात चालले तामिळनाडूच्या कारागिरांचे. त्यात कोणाची चूक नाही. मंदिराचं नक्षीकाम ही त्या कारागिरांची पिढीजात विद्या आहे.

पण हेच चित्र लहान प्रमाणात आपल्या तालुक्या-तालुक्यात दिसतं, तेव्हा विचार करावा लागतो. मूल, सिंदेवाही, नागभीड, गोंडपिपरी, पोंभुर्णा, राजुरा, कुठेही जा. जंगल सागाचं, शेताच्या धुऱ्यावर साग, आणि गावात नवीन घर उभं राहिलं की चौकट लोखंडाची, दरवाजा कारखान्याचा, बाथरूमचा दरवाजा प्लास्टिकचा, पलंग शहरातल्या शोरूमचा. त्याच गावात वाढई म्हणा की सुतार, एक-दोन घरं असतातच. पोळ्याच्या आधी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, अधूनमधून दरवाजाची दुरुस्ती, एखादं देवघर, एवढ्यावर त्यांचं चालतं. पोरं मात्र कंपनीत नाहीतर पुण्या-हैदराबादला.

सुताराकडे कला नाही म्हणून हे झालं, असं बोललं जातं. सरकारी योजनाही प्रशिक्षण आणि अवजारं यावरच भर देतात. पण प्रत्यक्षात गाडी दुसऱ्याच तीन ठिकाणी अडते : लाकूड मिळण्यात, काम मिळण्यात आणि गिऱ्हाईकाच्या हप्त्यात. या तीन गाठी सुटल्या नाहीत तर हातात कितीही चांगली मशीन दिली तरी ती धूळ खात पडणार.

योजना काय देते?

आधी जे मिळतं ते नीट पाहू. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. १८ पारंपरिक धंदे त्यात आहेत आणि सुतारकाम त्यातलंच एक. वर्षपूर्तीचा कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ ला आपल्या शेजारी वर्ध्यातच झाला होता.

योजनेत नोंदणी झाली की प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण असतं, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता. अवजारांसाठी १५ हजार रुपयांचं ई-व्हाउचर. त्यानंतर पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज, फेड १८ महिन्यांत. दुसऱ्या टप्प्यात २ लाखांपर्यंत, फेड ३० महिन्यांत. व्याज ५ टक्के आणि तारण लागत नाही. अट अशी की वय १८ पूर्ण हवं, एका कुटुंबातून एकालाच लाभ, आणि घरात सरकारी नोकरी नको. अर्ज सीएससी केंद्रातून भरायचा, पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते.

बाजारात या व्याजाने बिनतारणी कर्ज कोणी देत नाही. तेव्हा योजना वाईट आहे असं म्हणता येणार नाही. पण पुढचा हिशोब करून पाहा. १ लाखाचं कर्ज १८ महिन्यांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण ५ हजार ८०० रुपये येतो. म्हणजे घरखर्च, लाकूड आणि वीजबिल जाऊन महिन्याला तेवढी रक्कम सुटेल इतकं काम हाती पाहिजे, तेही सलग दीड वर्ष. खेड्यात सुताराचं काम सलग नसतं. लग्नसराई आणि घरबांधणीचा हंगाम, म्हणजे दिवाळीनंतर ते मे. पाऊस लागला आणि रोवणी सुरू झाली की धानाच्या पट्ट्यात कोणी पलंग करायला टाकत नाही. हप्ता मात्र आषाढातही द्यावाच लागतो.

म्हणजे कर्ज मिळवण्याआधी काम मिळवण्याचा विचार व्हायला हवा, आणि त्याहून आधी लाकडाचा.

पहिली गाठ : लाकूड समोर, पण हाताला लागत नाही

जिल्ह्यात साग भरपूर, पण तो कापायला, वाहायला आणि चिरायला परवानगी लागते. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम १९६४ प्रमाणे साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, ऐन, बिजा, हळदू, खैर अशी झाडं अनुसूचित आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तोडल्यावर वाहतूक पास वेगळा. आदिवासी शेतकऱ्याच्या मालकीची झाडं विकायची असतील तर १९६९ चा वेगळा कायदा आहे, त्यात शेतकऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून विक्रीवर शासनाची देखरेख ठेवली आहे. आरा मशीनलाही परवाना लागतो.

हे नियम जंगल वाचवण्यासाठी आहेत आणि ते हवेतच. नाहीतर आज जो साग दिसतो तोही दिसला नसता. पण त्याचा एक परिणाम असा की धुऱ्यावरची चार-पाच झाडं विकायची म्हटली की शेतकरी कागदांच्या मागे लागत नाही. सातबारा, मोजणी, वनविभागाची पाहणी, झाडांवर छाप, मग पास. एवढी पायपीट चार झाडांसाठी कोण करणार? तो मालकीचं प्रकरण ठेकेदाराच्या हवाली करतो, एकरकमी पैसे घेतो आणि मोकळा होतो. लाकूड जातं डेपोत किंवा व्यापाऱ्याकडे, तिथून आरा मशीनवर, तिथून शहरातल्या टिंबर मार्टमध्ये. आणि गावच्या सुताराला पलंगाची ऑर्डर आली की तो बस पकडून त्याच टिंबर मार्टमध्ये जातो आणि किरकोळ भावाने चार फळ्या घेतो. आपल्याच शिवारातलं लाकूड तीन हात फिरून, प्रत्येक हाताचा नफा अंगावर घेऊन परत येतं.

डेपोच्या लिलावात सुतार थेट का जात नाही? कारण लॉट मोठे असतात, पैसे ठरलेल्या मुदतीत एकदम भरावे लागतात, आणि गोल लाकूड उचलून चिरून घ्यायचं तर ट्रक आणि आरा मशीन दोन्ही हवेत. एकट्या सुताराच्या आवाक्यातलं ते काम नाही. निस्तार हक्काचं लाकूड घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी असतं, धंद्यासाठी नाही. मधला रस्ताच उरत नाही.

आणि इथेच चोरट्या लाकडाचा मोह तयार होतो. पास नसलेलं लाकूड स्वस्त मिळतं, पण पकडलं गेलं की लाकूड जप्त, अवजारं जप्त, गुन्हा सुताराच्या नावावर. पुरवणारा कधीच सापडत नाही. तेव्हा सुताराने लाकडाचं बिल घेणं आणि गिऱ्हाईकाने ते मागणं यात दोघांचाही बचाव आहे.

दुसरी गाठ : घरकुलं हजारो, सुताराला काम नाही

२२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात राज्यातल्या २० लाख घरकुल लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं देण्याचा कार्यक्रम झाला, १० लाख जणांना पहिला हप्ता गेला. आपल्या जिल्ह्यातही गावोगाव पाया खोदलेले दिसतात. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये साध्या भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ-दुर्गम भागात १ लाख ३० हजार मिळतात. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले १५ हजार सौर पॅनेलसाठी.

प्रत्येक घरकुलाला निदान एक मोठा दरवाजा आणि एक खिडकी लागतेच. आता थोडं गणित करू. सात बाय तीन फुटांच्या दरवाजाची चौकट चार इंच बाय अडीच इंच लाकडाची केली तर साडेसतरा फूट लांबीचं लाकूड लागतं, म्हणजे जवळजवळ सव्वा घनफूट. खिडकीच्या चौकटीला एक घनफूट धरा. एका घरकुलाला सव्वादोन घनफूट. तालुक्यात हजार घरकुलं असतील तर सव्वादोन हजार घनफूट, म्हणजे साधारण ६४ घनमीटर चिराण लाकूड. गोल लाकडातून चिराण निम्म्याच्या आसपास निघतं हे धरलं तरी १३० घनमीटरच्या आत सगळं भागतं. सागाच्या जिल्ह्याला एका तालुक्यासाठी एवढं लाकूड जड नाही.

मजुरीचं गणित त्याहून बोलकं आहे. दोन चौकटी घडवून बसवायला एका सुताराचे दोन दिवस धरले, तर हजार घरकुलांचे दोन हजार दिवस होतात. तालुक्यातल्या दहा सुतारांना प्रत्येकी दोनशे दिवसांचं काम. कर्जाचा हप्ता कसा फिटणार या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

मग हे काम त्यांना का मिळत नाही? कारण घरकुलाचे पैसे पुरत नाहीत. सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी यात रक्कम संपते आणि दरवाजाची वेळ येते तेव्हा लाभार्थी सगळ्यात स्वस्त काय ते विचारतो. लोखंडी किंवा सिमेंटची तयार चौकट तालुक्याला हजर असते, आज पैसे दिले की आज मिळते. त्याला दोष देता येत नाही.

पण एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असून निसटते. घरकुल बहुतेक वेळा जुनं कवेलूचं, मातीचं घर पाडून त्याच जागेवर होतं. त्या जुन्या घरात आजोबाच्या काळातले सागाचे खांब, मयाली, दरवाजाच्या फळ्या असतात. पन्नास-पन्नास वर्षं सावलीत वाळलेलं ते लाकूड. असं मुरलेलं लाकूड आज टिंबर मार्टमध्ये पैसे देऊनही सहज मिळत नाही. आणि आपण त्याचं काय करतो? भंगारवाल्याला देतो, नाहीतर चुलीत घालतो. घर पाडण्याआधी गावच्या सुताराला एकदा बोलावून लाकूड दाखवलं, तर त्यातून दरवाजाची चौकट, एखादा पाट, एखादी बाज सहज निघते. फक्त मजुरी द्यायची. लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर मात्र वनरक्षकाला विचारूनच न्यावं.

दुसरा मुद्दा शासनाचा. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत देण्याचं धोरण राज्याने घेतलं. नदीच्या वाळूत गरिबाच्या घराचा वाटा मान्य झाला. मग वनाच्या जिल्ह्यात लाकडाचा वाटा का मान्य होऊ नये? फुकट नको. डेपोतलं आखूड, दुय्यम दर्जाचं लाकूड मधले दोन हात टाळून योग्य भावाने चौकटीपुरतं मिळालं आणि ते घडवायचं काम नोंदणीकृत स्थानिक सुताराला दिलं, तर तीन विभागांच्या योजना एका दारात येऊन मिळतील. आज वनविभाग लाकूड विकतो, ग्रामविकास घर बांधतो आणि विश्वकर्मा योजना अवजारं देते. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण तिघांची गाठ पडत नाही.

तिसरी गाठ : दुकान हप्ता देतं, सुतार अॅडव्हान्स मागतो

हा मुद्दा फारसा कोणी बोलत नाही. शहरातलं फर्निचरचं दुकान पलंगासोबत हप्ताही विकतं. दोन हजार भरा, बाकी दहा महिन्यांत. टेम्पो घरी येतो. लग्नातल्या आंदणाची सगळी यादी, दिवाण, आलमारी, ड्रेसिंग टेबल, एका दुकानात एका दिवसात होते.

सुताराकडे गेलं तर तो आधी लाकडाचे पैसे मागतो. त्याचा नाइलाज असतो, कारण टिंबर मार्टवाला त्याला उधार देत नाही. गिऱ्हाईकाच्या हातात पैसे येतात ते धान विकल्यावर किंवा कापूस गेल्यावर. मधल्या काळात तो दुकानाच्या हप्त्याकडे वळतो.

जुन्या बलुतेदारीत याची सोय होती. सुतार वर्षभर नांगर, वखर, डवरा, तिफन, बंडी दुरुस्त करायचा आणि पैसे, म्हणजे धान्य, खळ्यावर मिळायचं. ती एक प्रकारची उधारीच होती, फक्त उधार सुतार द्यायचा आणि फेड पिकावर व्हायची. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचं कारण नाही. काम जातीवर ठरलेलं होतं, मोबदला मालकाच्या मर्जीवर होता, आणि दुष्काळात सुताराचं पोट आधी रिकामं राहायचं. ती गेली ते बरंच झालं. ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारं आली, बंड्या कमी झाल्या आणि धान्याचा तो व्यवहार आपोआप संपला. पण पिकावर पैसे देण्याची सोय गेली आणि तिच्या जागी सुताराच्या बाजूने दुसरं काही आलं नाही. ती जागा फायनान्स कंपनीने घेतली.

आजची सगळी कर्जं सुताराला मशीन घेण्यासाठी आहेत, गिऱ्हाईकाला सुताराकडून वस्तू घेण्यासाठी एकही नाही. बचत गट हे करू शकतात. गटातल्या बाईने घरात दिवाण करायचा ठरवला, गटाने कर्ज दिलं आणि पैसे थेट सुताराला दोन टप्प्यांत गेले, लाकूड आणल्यावर अर्धे आणि वस्तू घरात आल्यावर अर्धे, तर दोघांचीही अडचण सुटते. यासाठी नवीन योजना लागत नाही, गटाच्या बैठकीत एक ठराव लागतो.

स्वस्त काय आणि महाग काय?

दुकानातला पलंग दिसायला चकचकीत असतो, पण आत बऱ्याचदा पार्टिकल बोर्ड असतो, म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा डिंकात दाबून केलेली फळी. वरून कागदासारखा पातळ थर. कोरड्या खोलीत तो चालतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. बोर्डाला एकदा पाणी लागलं की तो फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही. स्क्रूची भोकं सैल झाली की पुन्हा आवळता येत नाहीत. असा पलंग दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो.

भरीव लाकडाचं काम वेगळं असतं. एका लाकडाला खाच पाडून दुसऱ्याचं टोक त्यात घट्ट बसवलेलं असतं. सैल झालं तर पाचर मारता येते, पाय मोडला तर एकच पाय बदलता येतो. सागाच्या आतल्या गडद लाकडात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी सहसा लागत नाही. बाहेरचं पांढरट लाकूड मात्र सागाचं असलं तरी वाळवी खाते, हे लक्षात ठेवावं.

समजा बोर्डाचा पलंग १४ हजारांना आला आणि सहा वर्षं टिकला, तर वर्षाला २ हजार ३०० च्या वर पडतात. सुताराचा २८ हजारांचा पलंग वीस वर्षं टिकला तर वर्षाला १ हजार ४०० पडतात. वीस वर्षांनीही त्याचं लाकूड कामाचंच राहतं. भाव गावागणिक बदलतील, पण हिशोब असा वर्षावर करून पाहावा.

म्हणून सगळं सागाचंच घ्या असं नाही. प्लायवूडही चांगलं असतं, पण त्यावर आयएसआयची खूण पाहावी. साध्या वापराच्या प्लायवूडवर आयएस ३०३ आणि पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवर आयएस ७१० असा आकडा छापलेला असतो. खूण नसलेला माल फक्त वजनावर ‘मरीन’ म्हणून विकला जातो, त्यात फसू नये.

जीएसटीचं काय?

जीएसटीने सुतार मेला, असं एक वाक्य नेहमी ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले तेव्हा बांबू आणि वेताच्या फर्निचरवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. लाकडी फर्निचर १८ टक्क्यांतच राहिलं. वर्षाला ४० लाखांपेक्षा कमी मालाची उलाढाल असेल तर नोंदणी सक्तीची नाही, म्हणजे गावचा सुतार करातून बाहेर.

तो २० हजारांचं लाकूड घेतो तेव्हा ३ हजार ६०० रुपये कर भरतो आणि तो परत मिळत नाही. पण त्याच्या १० हजारांच्या मजुरीवर कर नाही. कारखान्याचा ३० हजारांचा तोच माल घेतला तर गिऱ्हाईकाला ५ हजार ४०० कर लागतो. म्हणजे घरगुती गिऱ्हाईकाच्या बाबतीत सुतार करात तोट्यात नाही, उलट १ हजार ८०० रुपये कमीच लागतात.

तोटा होतो तो सरकारी खरेदीत. शाळेची बाकं, अंगणवाडीच्या खुर्च्या, ग्रामपंचायतीचं टेबल यांना जीएसटी क्रमांक आणि पक्कं बिल मागितलं जातं, आणि सुतार तिथेच बाद होतो. त्याच्यासाठी कंपोझिशन योजना आहे. वर्षाला दीड कोटीपर्यंतच्या उत्पादकाने उलाढालीवर १ टक्का भरायचा, कागदपत्रं कमी. एका गावातल्या नाही तर पाच गावांतल्या सुतारांनी मिळून एक गट केला, एक नोंदणी घेतली, तर शाळेच्या बाकांचं काम तालुक्यातच राहू शकतं. डेपोतला एक लॉटही असा गटच उचलू शकतो.

सुताराचीही एक बाजू तपासायला हवी

सगळा दोष व्यवस्थेवर टाकून चालणार नाही. गावात सुताराबद्दल सगळ्यात मोठी तक्रार भावाची नसते, तारखेची असते. अॅडव्हान्स घेतला, लग्न आठ दिवसांवर आलं, तरी पलंग रंध्याखालीच. ‘उद्या देतो’ हे वाक्य ऐकून गिऱ्हाईक कंटाळतं आणि पुढच्या वेळी दुकानात जातं. तालुक्याच्या गावात राजस्थान आणि उत्तर प्रदेशचे कारागीर येऊन काम करतात, त्यांना काम मिळतं ते चार-पाच जणांची टोळी असते, तारीख पाळतात आणि मोबाईलवर डिझाइन दाखवतात म्हणून. त्यांच्या नावाने बोटं मोडण्यापेक्षा ही सवय उचलावी.

दुसरी चूक ओल्या लाकडाची. घाईत ओलं लाकूड वापरलं की उन्हाळ्यात फळी आखडते, सांध्यात फट पडते. एक इंच जाडीची फळी सावलीत, मधे पट्ट्या ठेवून हवा खेळती राहील अशी रचली तरी ती वाळायला कित्येक महिने लागतात. सुताराकडे तेवढा साठा करायला भांडवल नसतं, हे खरं. पण विश्वकर्माचं कर्ज घेऊन तिसरी मशीन घेण्यापेक्षा त्यातली निम्मी रक्कम वाळलेल्या लाकडाच्या साठ्यात घातली, तर त्याचा माल दुकानापेक्षा वेगळा उठून दिसेल.

आणि काम फक्त सुताराच्याच घरातल्या पोराने शिकावं असं आता राहिलेलं नाही. आयटीआयमध्ये कारपेंटरचा एक वर्षाचा कोर्स आहे, आठवी पासवर प्रवेश मिळतो. मात्र शिकून बाहेर पडलेल्या मुलाला तालुक्यात काम दिसलं नाही तर तो पुण्यालाच जाणार.

ग्रामसभेत विचारण्यासारखं

बांबूचं उदाहरण समोर आहे. २०१७ मध्ये कायदा बदलून वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून काढला, तोड-वाहतुकीची अडचण कमी झाली. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र झालं, आणि आता करही ५ टक्क्यांवर आला. माल, शिक्षण आणि कर या तिन्ही बाजूंनी वाट मोकळी केली तर काय होऊ शकतं ते आपल्याच जिल्ह्यात पाहायला मिळतं. सागाला बांबूइतकी मोकळीक देता येणार नाही, ते झाड वाढायला पन्नास वर्षं घेतं. पण लाकडाची वाट कायदेशीर राहून सोपी करता येते.

पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न मांडता येतील. आपल्या गावात विश्वकर्माची नोंदणी झालेले सुतार किती आणि त्यातल्या किती जणांना व्हाउचर-कर्ज प्रत्यक्ष मिळालं, याची यादी वाचून दाखवावी. शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायतीचं या वर्षीचं लाकडी काम कोणतं आणि ते स्थानिक गटाकडून करून घेता येईल का, ते ठरवावं. आणि घरकुलाच्या चौकटीसाठी डेपोतून लहान लॉट मिळावा असा ठराव करून पंचायत समिती आणि वनविभागाला पाठवावा. एका गावाचा ठराव फाईलमध्ये जाईल, पण तालुक्यातल्या तीस गावांनी तोच ठराव पाठवला तर त्याला उत्तर द्यावं लागेल.

आणि सुताराकडे काम टाकताना गिऱ्हाईकाने एवढं करावं. लाकूड कोणतं, माप किती, तारीख कोणती आणि पैसे किती टप्प्यांत, हे कागदावर लिहून दोघांनी सही करावी. लाकडाचं बिल पाहावं. काम पावसाळ्याच्या तोंडावर न टाकता, धान विकल्या विकल्या टाकावं, म्हणजे लग्नाआधी पुरेसे दिवस मिळतात. जुनं घर पाडायचं असेल तर जेसीबी बोलावण्याच्या आदल्या दिवशी सुताराला बोलावून कोणतं लाकूड वाचवायचं त्यावर खडूने खूण करून घ्यावी.